पाण्याची सोयरीक

बारीपाड्यात मी जंगल बघायला गेलो होतो, आणि पहिले दोन तास गावकरी माझ्याशी दंडाबद्दल बोलत राहिले. ओल्या झाडाला कुऱ्हाड लावणाऱ्याला दंड. त्याची खबर देणाऱ्याला बक्षीस. चूक करणारा जवळचा सोयरा असला तरी सवलत नाही. ओसरीवर बसलेला एक म्हातारा हे सगळं अशा सुरात सांगत होता, जशी एखादी आजी घरातल्या सोवळ्याओवळ्याची रीत सांगते. मला मात्र झाडं बघायची घाई झाली होती. झाडांच्या आधी दंड का येतो, हे मला त्या दिवशी उमगलं नाही. त्यासाठी पांझरा आणि तापीच्या काठाने अख्खा खानदेश पालथा घालावा लागला.

पिंपळनेर सोडून पश्चिमेला निघालं की साक्री तालुक्याचे उघडे माळ मागे पडतात आणि रस्ता गुजरातेतल्या डांगच्या दिशेने चढू लागतो. बारीपाडा हा कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा आहे, गुजरातच्या सीमेला अगदी चिकटून. 1990च्या आसपास इथली गोष्ट महाराष्ट्रातल्या शेकडो पाड्यांसारखीच होती. डोंगर तुटलेला, झरे होळीच्या आधीच आटलेले, बाया हंडे घेऊन कोसभर चालत, मोहाची दारू हेच रोख पैशाचं साधन आणि पुरुषमंडळी मजुरीला परमुलखात. चैत्राम पवार हा इथलाच शिकलेला तरुण नोकरीच्या मागे न लागता गावात राहिला, वनवासी कल्याण आश्रमाच्या कामाशी जोडला गेला आणि गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखायचं ठरवलं. वृक्षलागवडीची मोठी मोहीम काही निघाली नाही. मुळं जमिनीत जिवंत होती, ती फक्त पुन्हा वर येऊ द्यायची होती. कुऱ्हाड थांबली आणि खोडांना धुमारे फुटले. 2025 साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या राखणीला तीन दशकं उलटून गेली होती.

मार्गशीर्षातली सकाळ होती. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचे दिवस. आसपासच्या पाड्यांवरून रात्री पावरी या वाद्याचा आवाज येत असे, आणि सकाळी जंगलात शिरलं की साग, ऐन, मोह, बांबू यांच्या खाली पाचोळ्याचा थर पायाला गादीसारखा लागे. हा पाचोळा मी हाताने उकरून पाहिला. वरचं पान कोरडं, दुसऱ्या थरातलं दमट, आणि त्याखालची माती डिसेंबरमध्येही ओली. पावसाचा थेंब आधी पानावर, मग पाचोळ्यावर पडतो. मातीला मार लागत नाही आणि पाणी पळत न सुटता मुरतं. उताराला दगडांचे लहान लहान बांध गावाने श्रमदानातून घातले आहेत. खाली विहिरींना पाणी टिकू लागलं, भात नीट पिकू लागला, मजुरीसाठी बाहेर जाणं घटलं. माणसं गावात राहू लागली म्हणून राखण करायला माणसं मिळू लागली. दारूच्या भट्टीला लाकूड लागायचं. भट्ट्या बंद झाल्या तेव्हा जंगलावरचा तोही भार उतरला.

यात सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, हे मला सांगता येत नाही. राखणीने पाणी दिलं, पाण्याने शेती दिली, शेतीने माणसं दिली आणि माणसांनी राखण दिली. 2004पासून इथे पावसाळी रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बाया शंभराहून अधिक प्रकारच्या भाज्या शिजवून मांडतात. बाहेरच्याला तो खाण्यापिण्याचा सोहळा वाटेल. पण ज्या बाईला चाळीस रानभाज्या ओळखता येतात, त्या बाईला जंगलातली चाळीस झाडं, वेल आणि कंद नावानिशी हवे असतात. जंगल राखण्याचं कारण तिच्या चुलीवर शिजत असतं.

डोनेला मेडोज या अमेरिकी अभ्यासिकेने आयुष्यभर हाच, एकमेकांत गुंतलेल्या व्यवस्थांचा, विषय शिकवला. तिच्या मृत्यूनंतर, 2008 साली, तिचं या विषयावरचं पुस्तक निघालं. शेत, नदी, बाजार, गाव यांपैकी काहीही घ्या, सुटे भाग तपासून ते कळत नाही, भागांमधली देवघेव तपासावी लागते, असं तिचं सांगणं. आपल्याकडच्या रांजणावरून ते समजून घेता येईल. रांजणात किती पाणी आहे हे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यावर ठरतं, आणि बाहेर किती जायचं हे घरातली माणसं रांजणात डोकावून ठरवतात. रांजण भरलेला दिसला की हात सैल सुटतो. पुढच्या प्रवासात मी जिथे जिथे थांबलो, तिथे हा सैल सुटणारा हात पाहिला, आणि एके काळी तो कसा आवरला होता तेही पाहिलं.

बारीपाड्याहून परतताना पिंपळनेरपाशी पांझरा भेटते. या भागातली जमीन बघण्यासारखी आहे. माळावर मैलोन्‌मैल काळ्या दगडाच्या भिंती उभ्या दिसतात, कुणी तटबंदी बांधून सोडून दिल्यासारख्या. त्या माणसाने बांधलेल्या नाहीत. बेसाल्टच्या थरांना पडलेल्या भेगांतून शिलारस वर आला, भेगेतच थिजला आणि भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उरला. भूगर्भशास्त्रात यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारचा पट्टा अशा डाइकच्या दाटीसाठी ओळखला जातो. जमिनीखालचं पाणी कुठे अडेल आणि कुठे वळेल, हे या भिंती ठरवतात. एकाच शिवारात भिंतीच्या एका बाजूची विहीर भरलेली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी असू शकते. सगळ्या खानदेशाला एकच पाणी-योजना लागू करू पाहणाऱ्याने आधी एक दिवस साक्रीच्या माळावर चालावं, असं मला फार वाटलं.

पांझरेच्या काठचा खरा ठेवा म्हणजे फड. ही सिंचनाची रीत तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तिचं जाळं होतं. नदीत आडवा दगडी बंधारा घालायचा, फार उंच नाही, पाणी पाटात चढेल इतकाच. पाटाखाली येणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. आता खरी गंमत पुढे आहे. एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा किंवा ज्वारी, चौथा पड. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. आणि गावातल्या बहुतेक शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात.

पाटाच्या कडेला उभं राहून हे डोक्यात जुळवत गेलो तेव्हा त्यातली अक्कल बघून मी थक्क झालो. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असल्यामुळे उसाचं पाणी फक्त श्रीमंताला आणि कोरडवाहू फक्त गरिबाला, असं होऊच शकत नाही. नदीला पाणी कमी आलं तर उसाचा फड आखडायचा किंवा एक फड जास्त पड ठेवायचा. तूट येते ती सगळ्यांच्या वाट्याला, ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने. एका फडात एकच पीक असल्यामुळे किती पाण्याला किती दिवस लागतील याचा हिशेब तोंडी करता येतो. उसाशेजारी हरभरा असता तर उसाचं पाणी पाझरून हरभरा कुजला असता. तोही प्रश्न उरत नाही. पिकांची पाळी बदलती असल्याने जमिनीचा कस राहतो, आणि पड फडावर गुरं बसतात ती खत देऊन जातात.

पाणी पाजायला शेतकरी स्वतः येत नसे. ते काम पाटकऱ्याचं. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, आणि पिकाची राखण जागल्याची. त्यांना मोबदला धान्यात मिळे, म्हणजे पीक बुडालं तर त्यांचंही बुडे. पाटकरी रात्रंदिवस पाणी एका वावरातून दुसऱ्या वावरात फिरवत शेवटापर्यंत नेई. कोणतं वावर कुणाचं, हे त्याच्या लेखी महत्त्वाचं नसे. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी एकत्र उतरायचं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचं साल संपतं आणि नवं बोलणं होतं. पाटकऱ्याची नेमणूकही अशीच सालाची. चुकला तर पुढच्या साली दुसरा.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला तो सामायिक संपत्ती लोक कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. स्पेनमधले पाट, फिलिपाइन्समधल्या पाणीसंस्था, स्वित्झर्लंडमधली सामायिक कुरणं पाहून त्यांनी काही लक्षणं काढली. हद्द स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, देखरेख करणारा त्यांनाच उत्तरदायी हवा, शिक्षा चढत्या क्रमाची हवी. पांझरेच्या पाटकऱ्याला हे वाचून दाखवलं असतं तर त्यात त्याला काही नवं सापडलं नसतं.

साक्रीच्या परिसरात दातर्ती नावाचं गाव आहे. मुंबई इलाख्याच्या नोकरीत नव्यानेच आलेले तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884च्या सुमाराला इथे आले होते. पांझरेच्या प्रवाहाखालून पाटाचं पाणी नळाने पलीकडे नेण्याचं, सायफनचं, काम त्यांच्याकडे होतं. पुरात पाया वाळूने भरत होता. काम पावसानंतर करू, असं त्यांनी वरिष्ठांना लिहिलं. उत्तर नाराजीचं आलं आणि त्यांनी ते काम पावसाळ्यातच पुरं केलं. हा प्रसंग त्यांनी म्हातारपणी आपल्या आठवणींत नोंदवला आहे. पुढे त्यांनी नीरेच्या कालव्यासाठी ब्लॉक पद्धत मांडली. ठरावीक क्षेत्राला पाण्याचा हक्क द्यायचा, त्यातल्या एका भागातच ऊस आणि बाकीच्या भागात पिकांची फेरपालट. खानदेशातला फड पाहिलेल्या माणसाला तिची ओळख चटकन पटते.

आज फड थोड्या ठिकाणी आणि तोही अर्धामुर्धा उरला आहे. वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगावसारखी धरणं झाली, तसा नदीचा बारमाही झिरपा कमी झाला. बंधाऱ्यापर्यंत पाणी आता सोडलं तर येतं. दुसरीकडे विहिरीवर वीजपंप बसला. ज्याची विहीर, त्याला पाटकऱ्याची वाट बघायची गरज उरली नाही. तो आपल्या तुकड्यात हवं ते पीक घेऊ लागला आणि फडातलं एक पीक मोडलं. पीक मोडल्यावर पाळी मोडली, पाळी मोडल्यावर गाळ काढायला येणारे हात कमी झाले. मला पाट दाखवणाऱ्या नानांनी आधी अहिराणीत विचारलं, "कथाइन उनात, भाऊ?" मग बंधाऱ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ दाखवून म्हणाले, हा गाळ आमच्या आजोबांच्या काळात दोन दिवसांत निघायचा. धरणही चांगल्या हेतूने बांधलं होतं आणि विहीरही. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी पडली. त्यांच्या मधोमध उभी असलेली व्यवस्था मात्र कुठल्याच नकाशावर नव्हती, म्हणून ती मोडताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

धुळ्यात मी एकच दिवस होतो. ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने 1818नंतर आखलेले सरळ रस्ते आणि इतिहासाचार्य राजवाड्यांच्या कागदांचं जतन करणारं संशोधन मंडळ बघितलं. 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, ते इथल्याच तुरुंगात. इथल्या पांझरेच्या पात्रात उभं राहिलं तर सप्टेंबर 1872मध्ये याच नदीने शहरातली घरं धुऊन नेली, हे खरं वाटत नाही. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात दुष्काळ आणि महापूर एकाच नदीच्या पोटात असतात. पांझरा पुढे उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते.

तापी ओलांडून शिरपूर तालुक्यात आलं की जमीन वेगळीच. तापीकाठचा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. इतका गाळ म्हणजे पाण्याचं भांडारच असायला हवं. पण पिवळ्या चिकणमातीचे थर मध्ये आडवे पडलेले आहेत. पाऊस पडतो, वरच्या हातभर मातीत अडकतो आणि वाहून जातो किंवा वाफ होऊन जातो. खाली वाळू कोरडी. राज्याच्या भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004च्या सुमारास इथे नाले रुंद आणि खूप खोल खणायला सुरुवात केली. चिकणमातीचा थर फोडून वाळूला भिडायचं, आणि नाल्यावर एकामागून एक सिमेंटचे बंधारे बांधायचे. पैशाचं पाठबळ आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पुढाकाराने इथल्या सहकारी सूतगिरणीकडून उभं राहिलं. आटलेल्या विहिरी भरल्या. शिरपूर पॅटर्न हे नाव राज्यभर झालं.

त्या नाल्यांच्या काठावर उभं राहिलं की खोली बघून डोळे फिरतात. पाणी आहे, बगळे आहेत, काठच्या शेतात कापूस आहे. इथल्या जमिनीला हे औषध लागू पडलं, यात मला शंका नाही. पण तेच औषध काळ्या खडकाच्या तालुक्यात देताना वेगळा विचार करावा लागतो. तिथे पाणी धरणारा थर वरच असतो. तो नाल्यात कापून काढला तर दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी उलटं नाल्यात उतरू शकतं. भूजलाच्या जाणकारांनी हे वारंवार सांगितलं आणि पुढे सरकारी कामांत नाला खोलीकरणावर मर्यादा आल्या. मला पडलेला प्रश्न दुसराच आहे. भरलेल्या विहिरीतून किती उपसायचं, हे इथे कोण ठरवतं? बारीपाड्यात दंड होता, फडात हवालदार होता. इथे नाल्याचं माप शेतकऱ्याला तोंडपाठ, उपशाचं माप विचारलं की तो हसतो.

या प्रश्नाचं उत्तर जळगाव जिल्ह्यात, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात मिळालं, आणि ते काळजीचं आहे. फैजपूर, सावदा, रावेर. 1936च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपुरातलं. या पट्ट्यात फिरताना दोन्ही बाजूंना केळीचं रान संपतच नाही. जूनची ती मृगबाग, दिवाळीच्या सुमाराची ती कांदेबाग. बागेच्या कडेला शेवरीची दाट ओळ असते, उन्हाळ्यातला झळांचा वारा अडवायला. एका घरी दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. जेवता जेवता घरातल्या आबांनी विहिरीचा इतिहास सांगितला. त्यांच्या वडिलांनी मोटेचं पाणी पाहिलेलं. मग इंजिन, मग वीज, मग विहिरीत आडवे-उभे बोअर, मग नुसते बोअर, दर काही वर्षांनी आणखी खोल. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये, असं लिहिलेलं आहे. इथे तो आकडा केव्हाच मागे पडला.

केळीकरी पाण्याला बेपर्वा आहे, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. ठिबक सिंचन देशात ज्या मुलखांनी मनापासून स्वीकारलं त्यात जळगाव अगदी पुढे. भवरलाल जैन यांची कंपनी इथलीच. ऊतिसंवर्धित ग्रँड नैन या जातीची रोपं आली आणि अठरा महिन्यांचं पीक वर्षाच्या आत-बाहेर निघू लागलं. झाडामागे लागणारं पाणी खरोखर घटलं. पण आबा म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं: वाचलेलं पाणी विहिरीत राहिलं नाही, बाजूच्या पडीत गेलं, तिथे नवी बाग उभी राहिली. रांजणाला बारीक तोटी बसली, पण तोट्या चार झाल्या.

फडातही एक पीक होतं आणि इथेही एक पीक आहे. फरक किती मोठा आहे ते हरण्या रोग दाखवतो. हा केळीवरचा विषाणू, मावा त्याला झाडावरून झाडावर नेतो, काकडीवर्गीय भाज्या आणि तण त्याला आसरा देतात. अलीकडच्या पावसाळ्यांत या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी कोवळ्या बागा हाताने उपटून टाकल्या. रोगट झाड उपटून पुरण्याचा उपाय सगळ्यांनी मिळून केला तरच उपयोगाचा. एकाने ठेवलं तर दहाजणांचं जातं. फडात पीक कुठलं आणि कुठे, हे गाव बसून ठरवत असे आणि दर वर्षी हलवत असे. इथे केळी लावायचा निर्णय प्रत्येकाने एकेकट्याने घेतला, भाव पाहून, आणि तो सगळ्यांचा एकच निघाला.

शेवटच्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो. डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते त्या सांध्यावर काही कोस रुंदीचा दगडगोट्यांचा पट्टा आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी वेग मोडताच टाकून दिलेला हा माल. याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर अशा नद्या डोंगरातून वाहत येतात आणि या पट्ट्यात शिरल्या की जमीन त्यांना पिऊन टाकते. केळीपट्ट्याच्या विहिरींचं माहेर हे. सीमेपलीकडे बुऱ्हाणपुरात, जे एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होतं, 1615च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचं हेच झिरपणारं पाणी कुंड्या आणि भुयारांनी शहरात आणलं गेलं. तो कुंडी भंडारा अजून पाणी देतो. आता तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी या बझाड्यात सोडून जिरवायची महापुनर्भरण योजना आहे. मे 2025मध्ये भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तिच्यावर सह्या केल्या. योजना व्हावी असं मला मनापासून वाटतं. मात्र उपशाचा हिशेब ठेवणारा पाटकरी तिच्या कागदांत आधी लिहिला जावा, असंही वाटतं.

आबांचा नातू मला नदीच्या पात्रात घेऊन गेला. वर डोंगराच्या कुशीत घोटाभर पाणी खळखळत होतं. आम्ही त्याच्या बाजूने खाली चालत गेलो. पाणी पसरट झालं, मग गोट्यांमधून नुसती चकाकी, मग ओली वाळू. एका जागी तो थांबला, वाकून त्याने हातभर खड्डा केला. खाली पाणी होतं. आणखी वीस पावलं पुढे जाऊन पुन्हा खणलं. कोपर बुडेल इतकं खणूनही हाताला वाळू कोरडीच लागली. "आजोबा लहान होते तेव्हा," तो हात झटकत म्हणाला, आणि खाली, केळीच्या बागा सुरू होतात तिकडे बोट दाखवलं, "तिथपर्यंत ओलं असायचं."